चित्र कशाचं आहे?

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: 'आमच्याकडे रविवर्म्याचं चित्र आहे बरं का!' दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कुठेही जा. चहाचा कप हातात देता देता यजमान भिंतीकडे बोट दाखवतात आणि आपण मान वर करून 'अरे वा' म्हणतो. ही सगळी चित्रं रविवर्म्याने स्वतः रंगवली असती तर बिचाऱ्याला जेवायलाही उसंत मिळाली नसती. तरी ते वाक्य खोटं नसतं. ते अर्धं खरं असतं, आणि तो खरा अर्धा भाग कोणता, हे शोधायची वेळ गेल्या वर्षी आमच्या घरावर आली.

आमच्याकडची लक्ष्मी आहे. कमळावर उभी, हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते, आणि घरची कथा अशी की महाराजांनी खूश होऊन हे चित्र त्यांना दिलं. कशावर खूश होऊन, ते पिढीगणिक बदलत आलं आहे. आजोबा सांगायचे, हिशेबातली गफलत पकडली म्हणून. काका सांगतात, सुंदर मोडी अक्षरासाठी. चित्र मात्र जागचं हललेलं नाही. कुणालाही आठवतं तेव्हापासून ते देवघराच्या वर, समईच्या काजळीत.

गेल्या वर्षी दांडिया बाजारातलं घर पाडून नवी इमारत बांधायला द्यायचं ठरलं. मोठे काका, बाबा आणि आत्या, असे तीन वाटे. तांब्या-पितळेची भांडी वाटली गेली, झोपाळा काकांकडे गेला, पाट आत्याने नेले. राहिली लक्ष्मी. तिचे तीन तुकडे करता येत नव्हते. त्यात पुण्याच्या चुलतभावाने कुठल्याशा लिलावातली रविवर्म्याच्या चित्राची किंमत व्हॉट्सअॅपवर टाकली. कोटींतली. त्या दिवसापासून घरातली माणसं एकमेकांशी जरा जास्तच आदराने बोलायला लागली. ज्यांच्या घरात वाटण्या झाल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मी कॉम्प्युटरची बी.ई., दिवसभर कोड लिहिणारी. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपुरता. पण घरात 'तू इंजिनिअर ना, बघ जरा' हे वाक्य गिझरपासून चित्रापर्यंत सगळ्याला लागू होतं. सगळे विचारत होते, चित्र कुणाचं आहे? मला आधी विचारावंसं वाटलं, चित्र कशाचं आहे? कशावर, कशाने काढलेलं? कारण याचं उत्तर वस्तूकडे नीट पाहिलं तर मिळतं. 'कुणाचं'साठी लोकांच्या आठवणींवर विसंबावं लागतं.

रंग म्हणजे मुळात पूड. दगड दळून, माती धुऊन, काजळी धरून किंवा कारखान्यात रसायनं घालून केलेली. गेरू, हिंगूळ, काजळ, नीळ. पूड एकटी कागदावर किंवा भिंतीवर टिकत नाही, हात लावला की निघते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं, आणि कुठली पूड घेतली यापेक्षाही ती कशात कालवली यावर चित्राची जात ठरते. डिंकाच्या पाण्यात कालवली तर जलरंग. अंड्याच्या बलकात किंवा सरसात कालवली तर टेम्परा. जवसाच्या तेलात कालवली तर तैलरंग. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यातून लावली तर चुनाच तिला धरतो, ते भित्तिचित्र. पांढऱ्या कपड्यांना आपण जी नीळ द्यायचो तिच्यातली निळी पूड आणि चित्रकाराच्या डबीतला अल्ट्रामरीन, दोघांचं रसायन एकच आहे. पण तेलात तीच पूड खोल आणि ओलसर दिसते, डिंकात हलकी, चुन्यावर कोरडी. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्यात काय, डाळ तीच, आमटी वेगळी नि वरण वेगळं." यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सुचलेलं नाही.

तैलरंगाची गंमत अशी की ते वाळत नाहीत, निदान पाणी वाळतं तसे नाहीत. पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, जाड थराला महिने. एवढ्या वेळात चित्रकार दोन रंगांच्या सीमा ब्रशने एकमेकांत विरघळवू शकतो. गालावरचा उजेड मानेच्या सावलीत कुठे संपतो ते कळत नाही. रेशमाची चमक, जरीचा काठ, कातडीखालचं रक्त, हे सगळं तेलाला साधतं. रविवर्मा त्रावणकोरचा. तिकडे तो हे तंत्र बरंचसं पाहून आणि करून शिकला. पुढे त्याचं नातं बडोद्याशी जुळलं. 1881 मध्ये सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले. 1888 मध्ये त्यांनी रविवर्म्याकडे 14 पौराणिक चित्रांचं काम सोपवलं. ती चित्रं तयार झाली तेव्हा ती पाहायला लोकांची रीघ लागली होती. आपल्या देवांना अंगावर खरी वाटणारी नऊवारी नेसलेली बऱ्याच जणांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली असणार.

राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आजही पाहायला मिळतात. बडोद्यात राहून तिथे न गेलेले मराठी लोक मला माहीत आहेत, नावं घेत नाही. मी आत्याला घेऊन गेले. तिला म्हटलं, तू नुसती पृष्ठभागाकडे बघ. जवळून पाहिलं की कॅनव्हासच्या विणीवर रंग बसलेला दिसतो. दागिन्यांवर जिथे उजेड पडतो तिथे रंगाचा बारीक उंचवटा असतो, बाजूने पाहिलं तर तो लख्ख कळतो. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आपली इतकी फुगीर नाहीये गं."

तिथून आम्ही कीर्तिमंदिरात गेलो, कारण आत्याला वाटेत दर्शन हवं होतं आणि मला भिंती दाखवायच्या होत्या. सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या या इमारतीत नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात अधूनमधून येऊन चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. हे काम टेम्परातलं आहे. संग्रहालयातून थेट इथे आलं की फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. इथे चकाकी नाही. टेम्परा झटकन वाळतो, त्यामुळे रंग एकमेकांत विरघळवायला वेळच मिळत नाही. चित्रकाराला रेषेवर आणि सपाट रंगावर भिस्त ठेवावी लागते. म्हणून नंदलालांची माणसं फोटोसारखी दिसत नाहीत, ती रेषेतून पळतात, वाकतात, नाचतात. रविवर्म्याला तेच काम टेम्परात दिलं असतं तर त्याचाही हात वेगळा चालला असता, असं मला वाटतं. आपण 'शैली' म्हणतो त्यातला बराच भाग माध्यम परस्पर ठरवून टाकतं.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडाही याच कारणासाठी मुद्दाम पाहावा. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, हा त्यांचा वाडा. आत भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्ण, महाभारत, मराठे-इंग्रज लढाया. पुरातत्त्व खात्याने तो जपला आहे. आमच्या घराची मोजमापं घ्यायला लोक येऊन गेले त्याच आठवड्यात मी तिथे गेले होते. भिंतीवरच्या चित्राला घर सोडता येत नाही. आमची लक्ष्मी निदान खिळ्यावरून उतरू शकत होती.

तर, ती खिळ्यावरून उतरवली. चौकट सागवानी, वजनदार. मांडवीजवळच्या एका जुन्या चौकटवाल्या काकांना घरी बोलावलं, कारण काच पुढून पुसून काही कळत नव्हतं. त्यांनी मागची फळी सोडवली, चित्राचा कोपरा बोटांत धरून किंचित वाकवला, आणि फार विचार न करता म्हणाले, "बेन, आ तो छापेलुं छे." छापलेलं आहे.

मोठे काका तिथेच बसले होते. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे झेरॉक्स?" ते म्हणाले.

या 'झेरॉक्स'वरच मला खरं तर हा लेख लिहावासा वाटला.

रविवर्म्याची चित्रं राजेरजवाड्यांकडे जात होती आणि ती पाहायची असतील तर राजवाड्यातच जावं लागत होतं. सर टी. माधवराव आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्यांनी रविवर्म्याला पत्र लिहून सुचवलं होतं की मागणी एवढी आहे की दोन हातांनी ती पुरी होणार नाही, चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. पुढे रविवर्म्याने युरोपात पाठवण्याऐवजी छापखानाच इकडे आणला. 1894 मध्ये मुंबईत प्रेस सुरू झाला, जर्मन यंत्रं आली, जर्मन तंत्रज्ञ आले. काही वर्षांनी प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्याआधीही आपल्याकडे छापील देव होतेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा प्रेस निघाला होता आणि त्याचं रामपंचायतन कित्येक मराठी देवघरांत पोचलं होतं. तुमच्या घरात असलं तर खालच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचून पाहा.

हे छापणं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. छापणं म्हटलं की आपल्याला बटण दाबणं आठवतं. इथे दगड होता. बव्हेरियातला, अतिशय बारीक कणांचा चुनखडक, पाट्यासारखा सपाट घासलेला. अठराव्या शतकाच्या शेवटी आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाला सापडलेली युक्ती अशी: दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं आणि दगड पाण्याने ओला करायचा. जिथे तेलकट आहे तिथे पाणी बसत नाही, बाकी दगड पाणी पितो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई ओल्या भागाला शिवत नाही, फक्त चित्राला चिकटते. वर कागद ठेवून दाबलं की चित्र उठतं. कोरायचं काही नाही. तेल आणि पाण्याचं जमत नाही एवढंच भांडवल.

एक दगड म्हणजे एक रंग. म्हणून रंगीत चित्राला दहा-बारा दगड, कधी त्याहूनही जास्त. मूळ तैलचित्र समोर ठेवून छापखान्यातला कारागीर ठरवायचा की या गालात पिवळा किती, गुलाबी किती, मातकट किती, आणि तेवढाच भाग त्या त्या दगडावर उतरवायचा. उलटा, आरशात दिसतो तसा, कारण छापताना तो सुलटा होणार. गडद-फिक्या छटा टिपक्यांनी साधायच्या. एकेक टिपका हाताने, हजारो टिपके. मग तोच कागद दहा-बारा वेळा यंत्रात जायचा, आणि दर वेळी आधीच्या रंगावर नेमका बसायला हवा. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे थर एकावर एक ठेवून पाहिजे तेव्हा सरकवता येतात. त्या माणसांना सरकवता येत नव्हतं. शेवटी वर व्हार्निशचा हात द्यायचे, कधी कागदावर कॅनव्हासची वीण दाबून उठवायचे. छापील चित्र तैलचित्र वाटावं एवढ्यासाठी हा खटाटोप, म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणतात, 'ओलिओ' म्हणजे तेल. कागदाने तेलाचं सोंग घेतलेलं. आमच्या पणजोबांना ते सोंग खरं वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

यात एक बडोद्याची कडी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केलं, कला आणि तंत्र दोन्ही एका छपराखाली शिकवायला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, तिथे शिकले आणि पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी कामही केलं. त्या कलाभवनात आज विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा आहे. माझं बी.ई. तिथलंच. चार वर्षं त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही फाफडा खाल्ला, पण 'कलाभवन' या नावात 'कला' का आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलं की फाइन आर्ट्सची फॅकल्टी. तिकडची मुलं आम्हाला रुक्ष समजायची आणि आम्ही त्यांना रिकामटेकडी.

आता काकांचा 'झेरॉक्स'. मी फोनला मॅक्रो लेन्स लावली आणि लक्ष्मीच्या गालाचा फोटो काढून टीव्हीवर मोठा करून दाखवला. ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता, साधं भिंग पुरतं. अलीकडच्या ऑफसेट छपाईचे टिपके सारख्या अंतरावर, जाळीत बसवल्यासारखे असतात. निळा, गुलाबी, पिवळा, काळा, एवढेच चार रंग, आणि त्यांची बारीक फुलासारखी नक्षी दिसते. आमच्या लक्ष्मीच्या गालावर जाळी नव्हती. टिपके होते, पण ताटात मोहरी सांडावी तसे, कुठे दाट, कुठे विरळ, काही लांबट, काही गोल. चारपेक्षा बरेच जास्त रंग. खालच्या कडेला, चौकटीत दबलेली, छापखान्याच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरं. म्हणजे हे दगडावरचं काम. कुणीतरी, ज्याचं नाव चित्रावर कुठेच नाही, महिनोन् महिने वाकून हे टिपके दिले होते. काका टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे कुणी मोजले असतील का?"

पुण्याच्या भावाला फोन केला. ओलिओग्राफच्या बऱ्याच प्रती निघाल्या, जुन्या आणि चांगल्या अवस्थेतल्या प्रतीला किंमत आहे, पण ती व्हॉट्सअॅपवाल्या आकड्याच्या आसपासही नाही, हे त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि 'मग तुम्हीच ठेवा' म्हणाला. त्याला दोष देत नाही. त्याचे गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत.

फळी काढली तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. आकडे पुसट झाले आहेत, पण पुढे 'रु.' आणि 'आ.' स्पष्ट वाचता येतं. किंमत. महाराज भेट देताना मागे किंमत लिहीत नसावेत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. काका आता तरी कथा सोडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "खानगी खात्याने विकत घेऊन मग दिलं असेल." खानगी खात्याचा कारभार चोख होता, तेव्हा त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आत्या मात्र म्हणाली, "आजी दर महिन्याला पैसे बाजूला टाकायची. तिच्या हडप्यात वेगळा बटवा होता." एवढंच. यावरून काही सिद्ध होत नाही. पण आमच्या कथेत पणजी आजवर कुठेच नव्हती, ती त्या दिवशी आली.

खरं म्हणजे ती पहिल्यापासून चित्रावरच होती. लक्ष्मीच्या साडीच्या काठावर खरी जर शिवलेली आहे. पदरावर टिकल्या, कमरेला बारीक मण्यांची साखळी, आणि नाकात पणजीसारखीच नथ, तीन खोटे मोती आणि एक लाल खडा. छापील चित्रांना असं सजवायची त्या काळी पद्धत होती. बाजारातून सगळ्यांसारखी लक्ष्मी आणायची आणि दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर तिला आपल्या घरची करायची. या लक्ष्मीच्या कितीतरी प्रती निघाल्या असतील. ही नथ एकाच प्रतीवर आहे.

आणि तीच जर चित्राचं नुकसान करत होती.

संग्रहालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एका संवर्धक बाईंकडे आम्ही चित्र घेऊन गेलो. त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं, दिवा बाजूने लावला आणि मला शेजारी बोलावलं. "हे बघ, इथे कागद ओढला गेलाय. जर धातूची, ती हलत नाही. कागद मात्र पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. शंभर टाके म्हणजे शंभर भोकं. टिकल्यांखालचा गोंद बघ, तपकिरी झालाय, तो कागदात उतरलाय. आणि गोंदासाठी कसर येते." कडेला कसरीने खाल्लेला भाग मला तोवर काजळीचा डाग वाटत होता. मागची फळी हा आणखी एक शत्रू. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात झिरपून तो पिवळा आणि ठिसूळ होतो. लक्ष्मीचं कमळ मी लहानपणापासून पांढरंच समजत होते. काचेवर चौकटीची पट्टी येत होती तिथे, उजेड न लागलेल्या कडेला, त्याची एक पाकळी गुलाबी निघाली. गुलाबी छटा सगळ्यात आधी उडतात, बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, जर, टिकल्या, नथ सगळं काढून वेगळं जपायचं, कागद स्वच्छ करून मागून जपानी कागदाचं अस्तर द्यायचं. चित्र आणखी बरीच वर्षं टिकेल आणि छापखान्यातून आलं तसं दिसेल. दुसरा, सजावट ठेवायची, नुसती सुटलेली टोकं बसवायची, फळी बदलायची. कागद हळूहळू थकत जाईल. "तुमचं चित्र कुठलं, ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "छापखान्याचं की तुमच्या पणजीचं."

घरी यावर जे झालं ते मी थोडक्यात सांगते. बाबा म्हणाले, लॅमिनेट करून टाका, प्रश्न मिटला. नको. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, निघालं तर रंग घेऊन निघतं. बाई वापरतात ती गव्हाच्या सत्त्वाची खळ पाण्याने सुटते. उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला तर आपलं काम त्याला उलटवता आलं पाहिजे, हा त्यांच्या शास्त्राचा नियम. आमच्या कामातला 'अन्डू' त्यांनी आमच्याआधी शोधला होता. माझ्या नवऱ्याने सुचवलं, उत्तम स्कॅन करून घ्या, प्रत्येकाला एकेक प्रिंट द्या. स्कॅन केलाही, आणि तो करावाच, नुकसान कुठवर आलंय याची नोंद राहते. पण स्कॅनमध्ये जर पिवळी दिसते, चमकत नाही. आपण डोकं हलवतो तशी ती चमक सरकते, ती एका कोनातून काढलेल्या फोटोत येत नाही.

मला राहून राहून भूपेन खखर आठवत होते. व्यवसायाने हिशेबनीस, 1962 मध्ये बडोद्यात आले आणि इथलेच झाले. सुरुवातीच्या कामात त्यांनी बाजारातल्या अशाच छापील देवदेवतांची चित्रं कापून आरशांवर, फळ्यांवर चिकटवली, वर रंगांचे फराटे मारले. तेव्हा लोकांना ते थट्टा वाटलं असेल. त्यांची चित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. छापील देवावर आपलं काहीतरी चिकटवायचं हे पणजीने दांडिया बाजारात त्यांच्या कितीतरी आधी केलं होतं, आणि तिचं नाव कुठल्या सूचीत येणार नाही. दोघांची तुलना करावी असं नाही. पण कात्री, गोंद आणि जर हीसुद्धा माध्यमंच आहेत, एवढं मी काकांना जेवताना ऐकवलं. ते म्हणाले, "भाजी वाढ."

तरी मत पडलं ते काकांचंच. त्यांनी आत्याकडे बघून म्हटलं, "आजीची नथ काढायची नाही." महाराजांच्या भेटीची कथा त्यांनी सोडलेली नाही, पण ही गोष्ट त्यांनीच ठरवली. चित्र आत्याकडे राहायचं, कारण तिच्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये एक भिंत अशी आहे जिच्यावर ऊनही येत नाही आणि जिच्या पलीकडे न्हाणीघरही नाही. देवघरावर टांगायचं नाही. आत्याने नवी, छोटी पितळी लक्ष्मी देवघरात बसवली आहे, समई तिच्यापुढे लागते.

बाईंनी काम पुरं केलं ते दिवाळीच्या आठवडाभर आधी. फळी गेली, तिथे आम्लविरहित पुठ्ठा आला. काच आता कागदाला टेकत नाही, मध्ये बोटभर नाही पण दोऱ्याएवढी हवा आहे. काजळी कोरड्या स्पंजाने निघाली तेवढी काढली, हत्ती बराच उजळला. पदराच्या डाव्या टोकाला वीतभर जर कधीच गळून गेलेली आहे. आईने त्यासाठी स्वतःच्या लग्नाच्या शालूची जर उसवून, गुंडाळी करून आणली होती. बाईंनी ती हातात घेतली, चांगली आहे म्हणाल्या, आणि परत दिली. जे टाके पणजीचे नाहीत ते त्या घालणार नव्हत्या.

ती गुंडाळी आईच्या कपाटात आहे. बाईंचं नाव काढलं की आई अजून म्हणते, "एवढीशी जागा होती, काय बिघडलं असतं?"